क्षार, खार आणि खारट: एका झोंबणाऱ्या शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उडदाच्या पापडांचा घाट घातला की आमच्या घरी पापडखाराची पुडी उंच फळीवर जायची. लहानपणी एकदा मीठ समजून मी त्यातली चिमूट जिभेवर टाकली. खारट लागेल अशी अपेक्षा होती. आधी साबणासारखी बुळबुळीत चव आली आणि लगेच जीभ चरचरायला लागली. आई म्हणाली, "अगं, खार आहे तो, मीठ नव्हे!" त्या एका वाक्यात या शब्दाचा सगळा इतिहास आहे, हे कळायला मला पुढे खूप वर्षं आणि बरेच कोश लागले. या शब्दाबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

'क्षार' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

पोळणारं, झोंबणारं, खाऊन टाकणारं. संस्कृतात 'क्षार' हे आधी विशेषण आहे. जे लागलं की आग होते, कातडी सोलते, जीभ चरचरते ते क्षार. पुढे असा गुण असलेल्या पदार्थालाच क्षार म्हणायला लागले. झाडं-झुडपं जाळून उरलेली राख पाण्यात कालवायची, ते पाणी गाळून आटवायचं, की मागे जे तीक्ष्ण द्रव्य राहतं ते क्षार. मिठाशी त्याचं नातं नंतर जुळलं. मूळ अर्थात चव दुय्यम आणि चावा मुख्य आहे.

तो कुठल्या धातूपासून आला?

याला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही ऐकण्यासारखी आहेत.

पहिली दोन सुश्रुतसंहितेत एकाच ओळीत येतात. सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात म्हटलं आहे, 'तत्र क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः'. म्हणजे क्षरण करतो म्हणून किंवा क्षणन करतो म्हणून तो क्षार. 'क्षर्' म्हणजे झरणं, गळून जाणं, झिजणं. 'क्षण्' म्हणजे इजा करणं, तोडणं. जखमेला 'क्षत' म्हणतात ते या दुसऱ्या धातूवरून. वैद्याच्या नजरेला दोन्ही पटतात, कारण क्षार लावला की खराब मांस गळूनही पडतं आणि जागा जखमीही होते.

तिसरं उत्तर आजच्या भाषाशास्त्राचं. त्यानुसार क्षार निघतो तो 'क्षै' या धातूपासून, म्हणजे जळणं, होरपळणं. 'क्षाम' म्हणजे वाळून कृश झालेला, हाही त्याच घरातला शब्द. ग्रीक भाषेतला 'क्सेरॉस', म्हणजे कोरडा, हा क्षाराचा दूरचा भाऊ मानला जातो. त्या क्सेरॉसपासून 'क्सेरिऑन' म्हणजे जखमेवर टाकायची कोरडी पूड, त्यावरून अरबी 'अल्-इक्सीर' आणि पुढे युरोपातला 'एलिक्झर'. जखमेवरची पूड इकडेही आणि तिकडेही! मला स्वतःला तिसरं उत्तर खरं वाटतं, कारण क्षार करायची पहिली पायरीच मुळी जाळणं ही आहे. पण म्हणून सुश्रुताची व्युत्पत्ती चुकीची म्हणून बाजूला टाकू नये. शब्द कुठून आला यापेक्षा द्रव्य करतं काय, हे त्याला सांगायचं होतं आणि ते त्याने दोन शब्दांत सांगितलं.

मग 'अक्षर' आणि 'क्षार' एकाच मुळातले का?

सुश्रुताचं पहिलं उत्तर धरलं तर हो. अक्षर म्हणजे जे क्षरत नाही, झिजत नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातले क्षर आणि अक्षर हे दोन पुरुष याच धातूचे. 'क्षै' धरला तर नाही.

'क्षार'चा 'खार' कसा झाला?

प्राकृतातून येताना संस्कृत 'क्ष'ला मराठीत दोन वाटा फुटल्या. एका वाटेने तो 'ख' झाला: क्षीरची खीर, लाक्षाची लाख, कक्षाची काख, क्षारचा खार. दुसऱ्या वाटेने तो 'स' किंवा 'श' झाला: क्षेत्रचं शेत, मक्षिकेची माशी, इक्षूचा ऊस, क्षणाचा सण, कुक्षीची कूस. प्राकृतात या शब्दाची 'खार' आणि 'छार' अशी दोन्ही रूपं होती. हिंदीत 'छार' म्हणजे राख, ती आठवण तिथे अजून टिकून आहे. मराठीने खार ठेवला आणि राखेसाठी वेगळा शब्द घेतला. त्यामुळे खाराचं राखेशी असलेलं नातं आपल्या कानाला ऐकू येत नाही.

झाडावर तुरुतुरु पळणारी खार वेगळी. तिचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

पोळणाऱ्या द्रव्याचं नाव खारट चवीला कसं मिळालं?

हे मराठीने केलेलं नाही, फार जुनं आहे. पुराणांत सात समुद्र सांगितले आहेत. भागवतात त्यांतल्या खाऱ्या समुद्राचं नाव 'क्षारोद' आणि दुधाच्या समुद्राचं 'क्षीरोद'. एका मात्रेचा फरक आणि एकीकडे तोंड वाकडं, दुसरीकडे अमृत! म्हणजे मिठाचं पाणी ते क्षार, हा अर्थ तेव्हाच रुळलेला होता.

तो जुळायचं कारण जमिनीवर पाहिलं की कळतं. उन्हाळ्यात खारवट रानात पांढरा थर फुटतो. त्यात साधं मीठही असतं आणि धुण्याच्या सोड्यासारखं तीक्ष्ण द्रव्यही असतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्ही जखमेवर झोंबतात. भवभूतीच्या उत्तररामचरितात 'क्षते क्षारमिवासह्यम्' असे शब्द आहेत, जखमेवरच्या क्षारासारखं असह्य. आज आपण जखमेवर मीठ चोळतो. जुन्या वाक्प्रचारात क्षार होता, आणि तो खरा क्षार धरला तर ती वेदना मिठाच्या कितीतरी पुढची आहे.

वैद्यांनी मात्र हा घोळ होऊ दिला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात अति वापरू नयेत अशी तीन द्रव्यं सांगितली आहेत: पिप्पली, क्षार आणि लवण. क्षार वेगळा मोजला आहे आणि लवण वेगळं.

'खारा' आणि 'खारट' यांत फरक आहे का?

आहे, आणि तो कोणी शिकवावा लागत नाही. खारे दाणे, खारी बुंदी, खारं बिस्कीट, खारवलेली मिरची इथे मीठ मुद्दाम घातलेलं आहे आणि ते हवंहवंसं आहे. आमटी खारट झाली म्हणजे बिघडली. पाण्याच्या बाबतीत खाऱ्याच्या उलट गोडं. गोड्या पाण्यात साखर नसते, फक्त मीठ नसतं.

शाळेच्या पुस्तकातला 'क्षार' कोणता?

इथे खरी अडचण आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

महाराष्ट्राच्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्रिकूट आहे आम्ल, आम्लारी आणि क्षार. आम्ल म्हणजे लिंबातलं, चिंचेतलं. आम्लारी म्हणजे आम्लाचा अरी, त्याचा शत्रू, जसं चुन्याचं पाणी. आणि या दोघांच्या संयोगातून जे तयार होतं ते क्षार, जसं आपलं रोजचं मीठ. म्हणजे पुस्तकी मराठीत क्षार तीक्ष्ण राहिलेलाच नाही. दोन शत्रू एकमेकांना भिडून निवले की मागे उरतो तो क्षार.

हिंदी पुस्तकांत हीच जोडी वेगळ्या नावांनी येते. तिथे अम्लाचा शत्रू तो क्षार किंवा क्षारक, आणि दोघांतून बनतं ते लवण. आयुर्वेदाचा अर्थ हिंदीने ठेवला, मराठीने तो शब्द मिठाला दिला आणि शत्रूसाठी नवा शब्द घडवला. 'आम्लारी' हा शब्द मला मनापासून आवडतो. नावातच त्याचं काम आहे. पण याची किंमत अशी की मराठी शाळेतून शिकलेला विद्यार्थी आयुर्वेदाच्या किंवा हिंदीच्या पुस्तकात 'क्षार' वाचतो तेव्हा तो नेमका उलटा अर्थ घेतो. शिक्षकांनी वर्गात एवढं एक वाक्य सांगितलं तरी पुरे: जुना क्षार म्हणजे आजचा आम्लारी.

डॉक्टर म्हणाले, शरीरातले क्षार कमी झालेत. म्हणजे काय?

सोडियम, पोटॅशियम यांसारखे विरघळलेले क्षार, पुस्तकी अर्थाने. जुलाबात पाण्याबरोबर तेच जातात म्हणून जलसंजीवनी देतात. आमच्या शेजारच्या आजींना हे वाक्य ऐकवलं गेलं तेव्हा घरी येऊन त्यांनी मला पहिला प्रश्न केला, "मग ताकात पापडखार घालून घेऊ का गं?" त्यांची चूक नव्हती. त्यांच्या घरात खार म्हणजे तोच होता. पापडखार किंवा आयुर्वेदाच्या दुकानातले क्षार हा त्यावरचा इलाज नाही, हे डॉक्टरांनी एकदा स्पष्ट सांगावं आणि ऐकणाऱ्यानेही विचारून घ्यावं.

सुश्रुताचा क्षार नेमका कसा बनत असे?

माझ्या मते या शब्दाच्या गोष्टीतला हा सर्वांत सुंदर भाग आहे.

सुश्रुत म्हणतो, शस्त्रं आणि अनुशस्त्रं (शस्त्राऐवजी वापरायची साधनं) या सगळ्यांत क्षार सर्वांत श्रेष्ठ, कारण तो कापतो, फोडतो आणि खरवडतो, तिन्ही कामं करतो. आणि शस्त्र पोहोचत नाही तिथेही पोहोचतो. मूळव्याध, भगंदर (गुदद्वाराजवळ पडणारा वाहता मार्ग), चामखीळ अशा विकारांवर तो लावायचा.

कृती अशी. मुष्कक नावाच्या झाडाचे तुकडे करून ढीग रचायचा, त्यात चुनखडी घालायची आणि तिळाच्या वाळल्या काड्यांनी पेटवायचा. राख गार झाली की एक भाग राखेला सहा भाग पाणी घेऊन कालवायची आणि ते पाणी एकवीस वेळा गाळायचं. मग मोठ्या कढईत पळीने ढवळत मंद आचेवर आटवायचं. कुठवर? तर ते अच्छ, रक्त, तीक्ष्ण आणि पिच्छिल होईपर्यंत. म्हणजे निवळ, लालसर, झोंबणारं आणि बुळबुळीत. हा 'पिच्छिल' शब्द वाचला तेव्हा माझ्या जिभेला थेट ती पापडखाराची चिमूट आठवली. आम्लारीचा हात लागला की बोटं साबण लावल्यासारखी निसटतात, हे आज प्रयोगशाळेत शिकवतात. कढईपाशी उभ्या असलेल्या त्या माणसानेही तेच टिपून ठेवलं होतं.

यापुढची पायरी आणखी महत्त्वाची. त्या द्रवात भाजलेली चुनखडी, शंख आणि शिंपले लाल होईपर्यंत तापवून, वाटून घालायचे. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते सौम्य. त्यात भाजलेला चुना पडला की कार्बोनेट चुन्याबरोबर तळाशी बसतं आणि द्रवात उरतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जे कातडी खातं. सुश्रुताने हीच भर न घातलेल्या क्षाराला 'मृदु' म्हटलं आहे. तयार क्षार लोखंडाच्या भांड्यात ठेवायचा.

लावल्यावर शंभर अक्षरं उच्चारायला जितका वेळ लागतो तितकं थांबायचं. जागा पिकल्या जांभळासारखी काळी झाली की काम झालं. मग त्यावर आंबट द्रव्य ओतायचं, आग शमते. इथे सुश्रुत स्वतःच शंका काढतो, की क्षार आग करणारा आणि आंबटही उष्ण, मग आगीने आग कशी विझते? त्याचं उत्तर असं की आंबट मिळालं की क्षाराचा खारट तीक्ष्णपणा सुटतो आणि त्याला माधुर्य येतं. रसांच्या भाषेत सांगितलं असलं तरी आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निववतात, हेच ते निरीक्षण आहे.

हे उपचार आज होतात का?

क्षारसूत्राच्या रूपाने होतात. दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं चढवतात, नेहमीच्या पद्धतीत एकूण २१. असा दोरा भगंदराच्या मार्गात ओवून ठरावीक दिवसांनी बदलतात. तो हळूहळू कापत जातो आणि मागून जखम भरत येते. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत पुन्हा उभी केली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि निष्कर्ष १९९१ मध्ये छापले. जखम भरायला क्षारसूत्राने सुमारे ८ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने ४. पण विकार पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेत ११. हे काम प्रशिक्षित वैद्याचंच आहे, घरी करून बघायचं नव्हे.

पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार: हे सगळे एकच का?

नाही. जवखार म्हणजे जवाचं रोप जाळून काढलेला, त्यात पोटॅशियमचा भाग मोठा. सज्जीखार खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेचा, त्यात सोडियमचा. टाकणखार राखेतून येत नाही, ते खनिज आहे. सोनार डाग देताना सोन्याला लावतो तेच. पापडखार सोड्याच्या जातीचा आहे. उडदाच्या पिठाला तो ताण देतो आणि पापड तळल्यावर खुसखुशीत फुलवतो. जास्त पडला तर पापड लालसर होतो आणि मागे साबणाची चव राहते. म्हणून आई तो पाण्यात विरघळवून, गाळून, मगच पिठात घालायची. पिठाची लाटी तेलात बुडवून आम्हा मुलांच्या हातावर ठेवायची तेव्हा त्यात हिंग आणि मिरी लागायची, खार लागायचा नाही. खार दिसू नये, फक्त त्याचं काम दिसावं, ही तिची कसोटी होती.

हातातली पूड मीठ आहे की खार हे ओळखायला चाखून बघू नका. चिमूटभर हळद पाण्यात कालवा आणि त्यात ती पूड टाका. हळद लाल झाली तर खार. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, तेच हे.

राखेने भांडी का निघतात?

राख खरवडते हे अर्धंच कारण. ओल्या राखेतला क्षार भांड्याच्या तेलाशी मिळून थोडासा साबणच बनवतो. अरबी 'अल्-कली' हा शब्दही खाऱ्या झुडपांच्या राखेवरूनच आला आणि जगभर आम्लारीच्या अर्थाने गेला.

राखेचा क्षार खाणारे लोकही आहेत. आसामात केळीच्या साली वाळवून, जाळून, राखेतून पाणी झिरपवून 'कलाखार' करतात आणि त्यात पपई किंवा डाळ शिजवतात. त्या पदार्थाचं नाव नुसतं 'खार', जेवणाची सुरुवात त्याने होते, आणि आसामी माणूस स्वतःला अभिमानाने 'खारखोवा' म्हणवतो. चरकाने सतत क्षार खाणाऱ्या लोकांचं उदाहरण देताना पूर्वेकडच्या प्राच्यांचं नाव घेतलं आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला फार आनंद होतो. चरकाला ती सवय वाईट वाटली होती, पण आसामच्या चुलीवर खार आजही शिजतो.

लोणारचं पाणी खारं की क्षारयुक्त?

दोन्ही, आणि म्हणून या शब्दासाठी लोणारइतकी चांगली जागा नाही. बुलडाणा जिल्ह्यात बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं हे विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. पाण्यात मीठही आहे आणि सोडाही, सामू (पीएच) १० च्या आसपास. म्हणजे क्षार हा शब्द नव्या अर्थानेही लागू आणि जुन्या अर्थानेही. गावाच्या नावात 'लोण' म्हणजे लवण आहे. आईन-इ-अकबरीत लोणारला काच आणि साबणाचा कच्चा माल मिळतो असा उल्लेख आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी मिठाने होत नाहीत, त्यांना तीक्ष्ण क्षारच लागतो. २०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. त्याच वर्षी लोणारचा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश झाला. तळ्याच्या काठाशी 'धार' नावाचा गोड्या पाण्याचा झरा आहे. तिथलं पाणी आणि तळ्यातलं पाणी यांच्यामध्ये चालायला फार वेळ लागत नाही.

खारपड, चोपण, खारपाण, खाजण: शेतकऱ्याने काय समजावं?

हे शब्द अदलाबदल करून वापरले की खरंच नुकसान होतं, म्हणून नीट सांगते.

सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं पाणी दिलं, निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात. रानात पांढरं फुटतं. ही क्षारयुक्त जमीन, लोक तिला खारपड किंवा क्षारपड म्हणतात. तिचा सामू ८.५ च्या आत असतो. इलाज निचरा: चर काढा, सच्छिद्र पाइप टाका, चांगल्या पाण्याने क्षार धुऊन बाहेर घालवा. चोपण जमीन वेगळी. तिच्यात विरघळलेले क्षार कमी, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं असतं, सामू ८.५ च्या वर. पाऊस पडला की चिकट चिखल, वाळली की दगड. तिला जिप्सम लागतो, आणि नंतर निचराही. खारपड रानात नुसता जिप्सम ओतला आणि चर काढलाच नाही तर पैसे मातीत जातात. माती तपासून घेतल्याशिवाय दोन्हींतलं काही करू नका.

खारपाणपट्टा हा विदर्भातला, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या या गावांत विहीर खणली तरी पाणी खारं लागतं, ते पिकालाही चालत नाही आणि पिण्यालाही नाही.

कोकणातलं खार ते भरतीचं. खाडीकाठी बांध घालून समुद्र अडवायचा आणि आतल्या जमिनीत भात घ्यायचं. त्या जमिनीला खार किंवा खारभूमी म्हणतात. गोव्यात तिला खाजन म्हणतात, तिथे बांधाला 'मानस' म्हणजे भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारं दार असतं आणि खारं पाणी सोसणारं कोरगुट भात पिकतं. अलिबागजवळच्या खारेपाटात चरी गावी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांच्या विरोधात जमीन न कसता संप चालवला, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली. ज्या जमिनीसाठी एवढं सोसलं ती खारीच होती, पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून गोडी केलेली.

'खार खाणे' आणि 'खिशाला खार लागणे' यांतला खार हाच का?

एखाद्यावर खार खाऊन असणे, म्हणजे मनात आकस धरणे. हा खार फारसीतला मानला जातो, तिथे 'खार' म्हणजे काटा. उर्दूतही 'ख़ार खाना' याच अर्थाने आहे. काटाही टोचतो आणि क्षारही झोंबतो, त्यामुळे मराठी कानाला दोन्ही एकच वाटले तर नवल नाही.

खिशाला खार लागणे म्हणजे पदरचे पैसे जाणे. खार लागली की भिंत हळूहळू झिजते, पोपडे पडतात. तसाच खिसा झिजतो, असं चित्र मला या वाक्प्रचारात दिसतं.

'खरमरीत' पत्र आणि 'खरपूस' समाचार यांना मात्र क्षारापाशी ओढू नये. क्षारचा 'खर' होत नाही. संस्कृतात 'खर' हा कडक, धारदार अशा अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे.

अळू खाजतं, सुरण खवखवतं, मिरची झोंबते. हे क्षारामुळे का?

नाही. अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून अळूच्या फदफद्यात चिंच असतेच. मिरचीत कॅप्सायसिन असतं. पानातला चुना जास्त झाल्यावर तोंड पोळतं, तो मात्र खरा जुन्या अर्थाचा क्षार.

लोखंड, दगड, कातडी खाणाऱ्या द्रव्याला आज मराठीत काय म्हणावं?

धातूंच्या झिजण्याला पाठ्यपुस्तकांत 'क्षरण' म्हणतात आणि ते करणाऱ्या द्रव्याला 'क्षरणकारी' किंवा 'संक्षारक'. सुश्रुताचा 'क्षरणात्' इथे परत आला, हे पाहून बरं वाटतं. मात्र क्षरण करणारं द्रव्य क्षारच असतं असं नाही, ॲसिडही असू शकतं. कातडीच्या बाबतीत 'दाहक' चांगला. बोलताना मी 'खाणारं' म्हणते. "हे फरशी खातं, जपून" असं सांगितलं की घरात कामाला येणाऱ्या मावशींपासून मुलांपर्यंत सगळ्यांना कळतं.

कॉस्टिक सोडा किंवा चुना अंगावर उडाला तर सुश्रुतासारखं लिंबू पिळावं का?

नाही. तो वैद्याने मोजून लावलेल्या क्षारावरचा उपाय होता. आधी कोरडी पूड झटकून काढा, कपडे उतरवा आणि वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं धरा. डोळ्यात गेला असेल तर पापण्या उघड्या धरून धुत राहा आणि धुता धुताच दवाखाना गाठायची सोय करा. पोटात गेला असेल तर उलटी करवू नका. क्षार आम्लापेक्षा खोल उतरतो, आणि सुरुवातीला फारसं दुखत नाही म्हणून लोक फसतात.

बोअरच्या पाण्याने नळावर पांढरं साचतं, ते काय?

मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ठेवलं की बुडबुडे येऊन निघतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत असं भारतीय मानक आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

आणि लोणच्याचा 'खार'?

तोही हाच शब्द, पण पार निवलेला. कैरी मिठात मुरते, तिला पाणी सुटतं, त्यात मोहरी, मेथी, हिंग आणि तेल मिसळतं, आणि फोडींभोवती जो दाट लाल रस जमतो त्याला आपण खार म्हणतो. लोणचं हे नाव लवणावरून आणि त्यातला रस क्षारावरून. दोघेही एकाच बरणीत. फोडी संपल्या तरी आमच्याकडे बरणी धुवायला टाकत नसत. तळाशी राहिलेल्या खारात आजी गरम भात घालायची, बोटांनी बरणीच्या कडा पुसून घ्यायची, आणि पहिला घास मला द्यायची.